मनात बसलेला धसका बोलून उतरतो

आपल्या घरांत मनाच्या दुखण्याला वेगळे नाव नाही, पण शब्द मात्र भरपूर आहेत. 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडते', 'दिल बसल्यासारखे होते', 'त्या दिवसापासून धसकाच बसला आहे' असे सांगणारे एक तरी माणूस प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. त्यावर घरातून मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. 'विचार करू नकोस.' 'नमाज वेळेवर पढत जा.' 'कुणाची तरी नजर लागली असेल.' 'सब्र कर.' ही सगळी वाक्ये मायेपोटीच बोलली जातात. पण ताप आलेल्या लेकराला आपण 'गरम होऊ नकोस' असे सांगत नाही. त्याच्या कपाळावर पट्टी ठेवतो, डॉक्टरांकडे नेतो आणि दुआही करतो. मनाच्या तापालाच तेवढे आपण नुसत्या सूचना देत बसतो.

या लेखात अशा तापावरच्या एका उपचाराची माहिती देत आहे. यात सुई टोचत नाहीत, चिरफाड करत नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्या माणसासमोर बसून, ठरवलेल्या पद्धतीने, ठरलेले आठवडे बोलायचे असते. त्याला कुणी समुपदेशन म्हणते, कुणी मानसोपचार, कुणी सीबीटी. 'नुसते बोलून काय होते?' हा प्रश्न आपल्या भगिनी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

धसका म्हणजे काय?

अल्लाहने माणसाच्या मेंदूत एक भोंगा बसवला आहे. शास्त्रात मेंदूच्या त्या भागाला अमिग्डला म्हणतात. आकाराने तो बदामाएवढा असतो. समोर साप दिसला की विचार करायला वेळ न देता तो भोंगा वाजवतो. काळीज जोरात धावू लागते, श्वास वाढतो, हातापायांत रक्त उतरते, तोंडाला कोरड पडते. माणूस पळून जाऊन जीव वाचवतो. म्हणजे भीती ही नियामतच आहे.

बिघाड होतो तो भोंगा बंद होत नाही तेव्हा. अपघात, आग, दंगल, पूर, मारहाण, अचानक झालेला मृत्यू असे काही सोसल्यावर मेंदू त्या घटनेच्या खुणा लक्षात ठेवतो. वास, आवाज, उजेड, जागा. पुढे त्यातली एखादी खूण आली की भोंगा वाजतो, जणू ती घटना आत्ता पुन्हा घडत आहे. साध्या आठवणीला तारीख असते. 'ते तेव्हा झाले' हे मनाला ठाऊक असते. धसक्याच्या आठवणीवर तारखेचा शिक्का नीट उमटलेला नसतो.

मोठ्या संकटानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, रडू येणे हे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण महिना उलटून गेल्यावरही तेच चित्र डोळ्यांपुढे येत असेल, त्या जागा आणि ते विषय माणूस टाळू लागला असेल, सतत सावध आणि चिडचिडा राहत असेल, स्वतःला दोष देत असेल, तर त्याला आघातानंतरचा ताण किंवा पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत आजारसूचीत हे नाव आले. दुखणे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे.

एका घराची हकीकत

एका भगिनीने परवानगी दिली म्हणून ही हकीकत लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण भाभी म्हणू या.

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. त्या रात्री कोकणात पाऊस कोसळत होता. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैच्या पहाटे, वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तळमजले बुडाले, बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे अल्लाहला प्यारी झाली. २००५ च्या जुलैचा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनाही या पाण्याचा अंदाज आला नाही.

भाभींच्या घरात ईदचे गोश्त अजून पातेल्यात होते. वीज गेली. दारातून पाणी आले आणि बघता बघता गुडघ्यांवर चढले. घरातले पुरुष दुकानातला माल वाचवायला गेले होते. भाभींनी दोन मुलांना उचलून वरच्या मजल्यावर नेले. पलंगावर पडून असलेल्या सासूबाई तळमजल्यावर होत्या. त्यांना आणायला त्या खाली उतरल्या तेव्हा पाणी कमरेच्या वर आले होते. शेजारच्या दोन मुलांनी मिळून अम्मींना खांद्यावर घेऊन वर आणले. सगळे वाचले. पण भिजलेल्या अम्मींना न्यूमोनिया झाला आणि दीड महिन्याने त्यांचा इंतकाल झाला.

लोक म्हणाले, अल्लाहची मर्जी. भाभीही सगळ्यांसमोर तेच म्हणत राहिल्या. मनात मात्र दुसरेच वाक्य फिरत होते, 'मी अम्मींना आधी आणायला हवे होते.'

पुढच्या पावसाळ्यात, २०२२ साली, माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर एक गोष्ट दिसू लागली. त्यांची मुलगी जून महिन्यात आठ दिवस गैरहजर होती आणि जुलैत अकरा. ते सगळे जोरदार पावसाचे दिवस होते. मुलगी हुशार, पण चाचण्या बुडत चालल्या होत्या. विचारले तर मान खाली घालून म्हणाली, "टीचर, पाऊस आला की अम्मी दार लावून बसते. सोडतच नाही."

घरी गेल्यावर उलगडा झाला. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की भाभींना दरदरून घाम सुटायचा, हातांना मुंग्या यायच्या, आता जीव जाणार असे वाटायचे. दोन वेळा त्यांना रात्री दवाखान्यात नेले होते. ईसीजी चांगला आला. 'काही झालेले नाही' असे सांगून त्यांना घरी पाठवले. एका आमिलने पाण्याची सावली आहे असे सांगून बऱ्यापैकी पैसे घेतले होते. सामान माळ्यावर बांधून ठेवलेले, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी रात्री उशाशी. घरातून निघणारी प्रत्येक वाट आधी नदीपासून लांब, मग दुकानापासून लांब, आणि शेवटी दारापर्यंतच. मुलीचे शिक्षण त्या बंद दाराआड अडकले होते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलीच्या अब्बांना ते ठाऊक होते, पण 'घरातली गोष्ट बाहेर कशाला? उद्या मुलीच्या रिश्त्याला अडचण येईल' या भीतीने ते गप्प होते.

दिवाळीच्या सुट्टीत ती दोघे एसटीने जिल्ह्याला गेली. पुढे सहा महिन्यांत भाभींच्या बारा बैठका झाल्या. काही समोर बसून झाल्या, काही फोनवर.

बैठकीत नेमके काय होते?

पहिल्या बैठकीत समुपदेशक मॅडमनी काहीच सल्ला दिला नाही, याचे भाभींना नवल वाटले होते. मॅडमनी विचारले, ऐकले, लिहून घेतले. झोप, भूक, जुने आजार, घरातली परिस्थिती, आणि 'जगू नये असे कधी वाटते का?' हेही सरळ विचारले. हा प्रश्न विचारल्याने तसा विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे झाकण उघडते. दुसऱ्या बैठकीत त्यांनी कागदावर चित्र काढून भोंग्याची गोष्ट समजावली. भाभी म्हणतात, "मला वेड लागत नाहीये, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. अर्धे ओझे तिथेच उतरले."

मग त्यांना दोन साधने शिकवली. पहिले श्वासाचे. मनात चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबला की धावणारे काळीज आपोआप मंदावते. दुसरे साधन आत्ताच्या क्षणाला धरून ठेवण्याचे. भीतीचा झटका आला की दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज. मन २०२१ मध्ये वाहून जात असते. ही मोजणी त्याला आजच्या खोलीत परत आणते.

त्याबरोबर एक वही आली. झटका केव्हा आला, त्याआधी काय घडले, मनात कोणता विचार आला, भीती शंभरपैकी किती वाटली, एवढे रोज लिहायचे. चार आठवड्यांत भाभींना स्वतःलाच दिसले, की शंभरावर गेलेली भीती काहीही केले नाही तरी वीस-पंचवीस मिनिटांत चाळीसवर येते. भीतीने माणूस मरत नाही आणि भीती कायम टिकतही नाही, हे त्यांना त्यांच्याच वहीने शिकवले.

या पद्धतीची मुळे विसाव्या शतकात आहेत. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त त्या घटनेचा त्याने लावलेला अर्थ छळतो. अर्थ तपासता येतो, आणि चुकीचा निघाला तर बदलता येतो. मराठीत एलिस यांची पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. ती विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने ओळखली जाते.

भीतीची शिडी

धसका टिकून राहतो तो टाळण्यामुळे. पाऊस आला, दार लावले, बरे वाटले. मेंदूने धडा घेतला की दार लावले म्हणून जीव वाचला. पुढच्या वेळी तो आणखी जोरात भोंगा वाजवतो. म्हणून उपचाराचा गाभा आहे टाळलेल्या गोष्टीकडे हळूहळू, बेताबेताने परत जाणे.

मॅडमनी भाभींबरोबर एक शिडी आखली. हिवाळ्यात पाऊस नव्हता, म्हणून पहिली पायरी होती मोबाइलवर पावसाचा आवाज दोन मिनिटे ऐकणे. मग पाच मिनिटे, मग पंधरा. दुसरी पायरी होती पुराच्या बातमीतील एक छायाचित्र बघणे. तिसरी, मुलाचा हात धरून नदीच्या पुलावरून चालणे. चौथी, एकटीने चालणे. पाचवी, उशाची पिशवी कपाटात ठेवून झोपणे. शेवटची पायरी जूनसाठी राखून ठेवली होती. पाऊस पडत असताना मुलीला शाळेत पाठवायचे आणि तिला फोन न करता दुपारपर्यंत थांबायचे.

एका पायरीवर भीती निम्म्याहून खाली येईपर्यंत पुढची पायरी चढायची नाही, हा नियम. घाई केली तर शिडी घसरते. पुलाच्या पायरीवर भाभी तीन आठवडे अडकल्या होत्या. मॅडमनी रागावण्याऐवजी मध्ये आणखी एक पायरी घातली, पुलाच्या या टोकाला नुसते उभे राहण्याची.

सावधपणा आणि धसका यांत फरक आहे, हेही याच काळात स्पष्ट झाले. कोकणात पुराचा धोका खोटा नाही. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की चिपळूणकर आजही नदीवर नजर ठेवतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून प्रशासनाचा इशारा आला तर काय करायचे, कोणी कोणाला उचलायचे, कुठे जायचे, हे घराने एका कागदावर लिहून ठेवले. इशारा नसलेल्या दिवशी तो कागद उघडायचा नाही. सावधपणाला अशी ठरलेली जागा मिळाली की धसक्याचा जोर कमी होतो.

त्या रात्रीची गोष्ट

सर्वांत अवघड बैठका सातवी ते दहावी. त्यात भाभींनी ती रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. एकदा नव्हे, अनेकदा. डोळे मिटून, 'आता पाणी उंबऱ्यावर आले आहे' असे वर्तमानात. ते बोलणे ध्वनिमुद्रित करून घरी रोज एकदा ऐकायचे होते. पहिल्या वेळी त्या हुंदक्यांनी थांबल्या. आठव्या-नवव्या वेळी तीच गोष्ट त्या पाणी पिऊन सांगू शकल्या. आठवण पुसली गेली नाही. तिच्यावर तारखेचा शिक्का उमटला.

हे काम घरी, मैत्रिणीबरोबर किंवा एकट्याने करायचे नाही. प्रशिक्षित माणूस सोबत असेल तरच ते औषध ठरते. घटना घडल्याबरोबर माणसाला 'सांग, सगळे सांग' असा आग्रह करणेही चूक. पहिल्या दिवसांत हवे ते जेवण, कोरडे कपडे, सुरक्षित जागा आणि जवळची माणसे. बोलायचे असेल तर ऐकावे, खोदून विचारू नये.

त्या गोष्टीतूनच अपराधाचे वाक्य वर आले, 'मी अम्मींना आधी आणायला हवे होते.' मॅडमनी 'तसे म्हणू नका' असे म्हटले नाही. त्यांनी कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला, त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होते? दुसऱ्या बाजूला, काय नंतर कळले? अंधार होता. पाणी किती चढणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकटीने पलंगावरचे माणूस जिन्यावरून उचलणे अशक्य होते. मुले आधी नेली नसती तर? शेवटी मॅडमनी विचारले, "ताई, हीच गोष्ट तुमच्या बहिणीने सांगितली असती तर तुम्ही तिला गुन्हेगार ठरवले असते का?" भाभी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. मी तिला मिठी मारली असती."

दुःख राहिले. दोष मात्र उतरला. हे दोन्ही वेगवेगळे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा आघातासाठी दोन बोलण्याच्या उपचारांची शिफारस केली. एक आघातावर केंद्रित सीबीटी, जी भाभींनी घेतली. दुसरी ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. ती फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणली. त्रास फार तीव्र असेल, झोप आणि जेवण सुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्याही देतात. त्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत.

हे आपल्या दीनात बसते का?

'ज्याचा इमान पक्का त्याला कसली आली घबराट?' असे कुणी म्हणाले की त्रासातल्या माणसाच्या जखमेवर मीठ पडते. हजरत याकूब (अ.) यांचा पुत्रवियोग आठवा. दुःखाने त्यांच्या डोळ्यांची दृष्टी गेली. ते पैगंबर होते. त्यांच्या इमानाबद्दल कोण शंका घेईल?

हिराच्या गुहेतून पहिल्या वहीनंतर प्रेषित (स.) घरी आले तेव्हा ते थरथरत होते. हजरत खदीजा (रजि.) यांनी काय केले? आधी त्यांना पांघरूण घातले. त्यांचे सगळे ऐकून घेतले. मग आप्तांना सांभाळणे, गरिबांना मदत करणे हे त्यांचे गुण एकेक करून सांगितले. आणि त्यानंतर जाणकार असलेल्या वरका बिन नौफल यांच्याकडे त्यांना घेऊन गेल्या. आधी ऊब, मग ऐकणे, मग खऱ्या गोष्टींचा धीर, मग जाणकाराकडे नेणे. आपल्या घरांना यापेक्षा चांगला धडा कोणता?

मुस्लिम विद्वानांनी हा विषय फार आधी हाताळला आहे. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख भागात जन्मलेले अबू जैद अल-बल्खी यांचे निधन ९३४ साली झाले. त्यांच्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथाचा एक भाग शरीराच्या आरोग्यावर आणि दुसरा मनाच्या आरोग्यावर आहे. राग, भीती, दुःख आणि मनात घोळत राहणारे विचार यांची त्यांनी वेगवेगळी चर्चा केली. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख यांत फरक केला. घरात जशी अडीअडचणीला औषधे ठेवतो, तसे शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत आणि मन बिघडले की वापरावेत, असा त्यांचा सल्ला होता. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या भागाचे इंग्रजी भाषांतर करून तो जगापुढे ठेवला.

काही भगिनींना आणखी एक शंका असते. समुपदेशकाला सासर-माहेरच्या गोष्टी सांगणे ही गीबत नाही का? इमाम नववी यांनी गीबतीला असलेले अपवाद सांगितले आहेत. न्याय मागणे, सल्ला घेणे, मदत मागणे यांसाठी आवश्यक तेवढे बोलण्याची मुभा त्यात येते. उपचारासाठी सांगणे हे चुगली करणे नव्हे.

नमाज, जिक्र, दुआ, कुरआनची तिलावत यांनी मनाला सुकून मिळतो. ते सोडायला कुणी सांगत नाही. भाभींच्या शिडीची प्रत्येक पायरी बिस्मिल्लाहनेच सुरू होत होती. ऊंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. उपचार म्हणजे ऊंट बांधणेच आहे.

आमिल, साखळी आणि कायदा

घरच्यांनी प्रेमाने काही पढून फुंकणे वेगळे, आणि 'हाजरी', मारहाण, धुरी, साखळदंड वेगळे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात आग लागली. तिथे ठेवलेल्या मनोरुग्णांना साखळीने बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे. याउलट गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालवला गेला. तिथल्या मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आणि दुआसाठी आलेल्या माणसाला ते तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवू लागले. आपल्या मशिदींचे इमामसाहेबही हे करू शकतात.

साध्या माणसांनीही केलेले काम

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य आणि चिंता यांसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. डॉक्टर कमी आहेत, हे त्याचे एक कारण. यावर गोव्यात एक वाट सापडली. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. ज्यांना या बैठका मिळाल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

आफ्रिकेतील झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात आजीबाईंना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. आजीबाई बाकावर बसून ऐकतात आणि एकेक अडचण सोडवायला मदत करतात. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्या दादी-नानी 'विचार करकरून खंगली' म्हणतात ते हेच.

कुठे जावे? कसे ओळखावे?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी किंवा तत्सम पदवी असलेले डॉक्टर असतात आणि तेच औषधे लिहून देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला संकोच करू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. तिथे गेले म्हणजे दाखल करून घेतात असे नाही. घराबाहेर पडणे जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर वाट न पाहता लगेच फोन करावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

स्त्री समुपदेशक हवी असेल तर तसे सांगता येते. तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवणे हे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे रिश्त्याची भीती बाळगून उपचार लांबवू नयेत. खरे तर न उपचारलेला आजारच घर आधी मोडतो. तीन-चार बैठकांनंतरही समोरचा माणूस ऐकत नाही, आपल्या श्रद्धेची टर उडवतो किंवा पुढे काय करायचे ते सांगत नाही असे वाटले, तर दुसऱ्याकडे जावे. उपचार वाईट नसतो, जोडी जुळलेली नसते.

घरच्यांनी काय करावे?

'विचार करू नकोस' हे वाक्य सोडून द्यावे. 'तुला काय होते ते सांग, मी बसलो आहे' असे म्हणावे. झटका आला तर गर्दी करू नये, एकाने शेजारी बसून शांतपणे श्वास मोजावा. टाळण्यात मदत करू नये, पण ढकलूही नये. बैठकीच्या दिवशी सोबत जावे, भाडे आणि मुलांची व्यवस्था पाहावी. भाभींच्या घरी हे काम शेवटी मुलीच्या अब्बांनीच केले. जिल्ह्याच्या बाकावर ते दर वेळी बाहेर बसून राहिले.

२०२३ च्या जून-जुलैत मुलगी पावसात दोनच दिवस गैरहजर राहिली. त्यातला एक दिवस शाळेलाच इशाऱ्याची सुट्टी होती. भाभींना मुसळधार पावसाच्या रात्री आजही उशिरा झोप लागते. मात्र दार उघडे असते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात असे एखादे माणूस असेल जे एका आवाजाने दचकते, एका रस्त्याने जात नाही, एका तारखेला आजारी पडते. आज त्याच्याजवळ बसा. 'त्या दिवसापासून तुला कसे वाटते?' एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. उत्तर पेलणारे नसेल, तर वर दिलेला क्रमांक लावून द्या. आपण अल्लाहकडे आफियत मागतो. त्या आफियतीत शरीर येते तसे मनही येते. अल्लाह आपल्या सर्वांना ती देवो. आमीन.